पपासोबत लामा बेटावर

किम्बर्ली किणी हल्ली मालाडला राहते. तिचा रविवार सुरू होतो तोच धावपळीत. मिस्सेला वेळेवर पोचायचं, चर्चबाहेर स्कूटर लावायला जागा शोधायची, येताना मासे घ्यायचे, कपडे मशीनला लावायचे आणि आठवडाभर साठलेल्या फोनना उत्तरं द्यायची. दुपारी जेवून जरा आडवी झाली, की डोळा लागता लागता कधीतरी तिला तो रविवार आठवतो. त्या दिवशी कुठेच वेळेवर पोचायचं नव्हतं. ती हाँगकाँगला शिकत होती आणि तिचा पपा तिला भेटायला आला होता.

पपा म्हणजे अर्बन किणी, राहणार गोराई. बोरिवलीहून होडीने खाडी ओलांडली की लागतं ते गाव. जन्मभर त्याने कांदिवलीच्या एका कारखान्यात फिटरची नोकरी केली, आणि कामावरून आल्यावर घरामागच्या शेतात मुळा, वांगी, पांढरा कांदा लावला, पावसाळ्यात भात. सकाळी खाडी ओलांडायची, संध्याकाळी परत यायचं. याच्यापुढचा त्याचा प्रवास म्हणजे दरवर्षीची वांद्र्याची जत्रा आणि लग्नानंतर एकदा गोवा. अशा माणसाने रिटायर झाल्यावर एक दिवस जेवताना जाहीर केलं, "मी पोरीला बघून येतो." एकटाच. ल्युसी, म्हणजे किम्बर्लीची आई, विमानाच्या नुसत्या नावाने गार पडायची आणि भाऊ वेन याला सुट्टी मिळत नव्हती.

पपा हाँगकाँगला उतरला तो वेनच्या लग्नात शिवलेल्या निळ्या सुटात. बॅगेत बॉटल मसाल्याच्या बाटल्या होत्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत पिशवी अशा गुंडाळलेल्या सुक्या बोंबलांचा वास होता आणि ल्युसीने तळून दिलेले फुगे, म्हणजे मैद्याचे गोल वडे, होते. प्रवासात ते फुगे चामड्यासारखे वातड झाले होते. पण किम्बर्लीने आणि तिची हॉस्टेलमधली मैत्रीण नमिता हिने ते चहात बुडवून एका बैठकीत संपवले. नमिता मुलुंडची. फुगे हा प्रकार तिने आयुष्यात पहिल्यांदाच खाल्ला. "आपण एकाच मुंबईतल्या ना?" ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

पपाची राहायची सोय हॉस्टेलजवळच्या एका गेस्ट हाऊसमध्ये होती. खोली एवढीशी, की दार उघडलं की पाय थेट पलंगावरच. त्याची त्याबद्दल तक्रार नव्हती. दिवसा किम्बर्लीचे क्लास असायचे, तेव्हा तो खाली फुटपाथवर उभा राहून ट्राम बघायचा. संध्याकाळी ती भेटली की बघितलेलं सगळं सांगायचा आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी म्हणायचा, "पण आपल्या गोराईला ना..."

किम्बर्लीच्या मनात मात्र एक गोष्ट टोचत होती. ती तिथे किनाऱ्यावरच्या झाडांचा अभ्यास करत होती, आपल्याकडे खाडीत तिवरं असतात तसल्या. तिच्या मॅडमनी तिला डॉक्टरेटसाठी थांब म्हटलं होतं. आणखी चार वर्षं. आणि तिने घरी न विचारता हो म्हणून टाकलं होतं. घरी सगळे धरून चालले होते, की मे महिन्यात पोर परत येणार. ल्युसी बोरिवलीच्या मार्केटात भाजी विकायला बसायची, तिथल्या अर्ध्या बायकांना तिने हे सांगूनही टाकलं होतं. ही गोष्ट फोनवर सांगायची नाही, पपाच्या तोंडावर सांगायची, असं किम्बर्लीने ठरवलं होतं. पण पपा आल्यापासून रोज तिचं धाडस संध्याकाळपर्यंत टिकायचं आणि जेवताना विरून जायचं.

"सांगून टाक ना यार," नमिता म्हणाली. "खाणार आहेत का ते तुला?"

"रविवारी सांगते. रविवारी नक्की."

तो रविवार पपाच्या मुक्कामातला शेवटचा होता.

सकाळी ती गेस्ट हाऊसच्या दाराशी गेली तर पपा पुन्हा सुटात. केस पाणी लावून चापूनचोपून बसवलेले.

"पपा, चर्चनंतर डोंगर चढायचाय आपल्याला. सांगितलं होतं ना काल?"

"मग? देवळात काय बनियनवर जाऊ?" गोराईची जुनी माणसं चर्चला अजून देऊळच म्हणतात. "डोंगर काय मला बघायला उठून उभा राहणार हाय?"

ती निमूट चालायला लागली.

चर्च चढावर होतं. आत पाऊल ठेवायला जागा नव्हती. बहुतेक सगळ्या बायकाच, फिलिपिन्सच्या. हाँगकाँगच्या घराघरांतून स्वयंपाक आणि पोरं सांभाळणाऱ्या. रविवार त्यांच्या सुट्टीचा दिवस. सगळ्या नटून आलेल्या आणि गात तर अशा होत्या, की छप्पर उडून जाईल. पपाला इंग्रजीतलं प्रवचन किती कळलं देव जाणे, पण गाणं कळलं. तो पायाने ठेका धरत होता.

मग 'आमच्या बापा'ची प्रार्थना आली. सगळे इंग्रजीत म्हणायला लागले आणि पपाने आपल्या नेहमीच्या खणखणीत आवाजात, गोराईच्या देवळात म्हणतो तशी, मराठीत सुरुवात केली. "हे आमच्या स्वर्गातील बापा..." पुढच्या दोन रांगांतल्या माना वळल्या. किम्बर्लीचे कान तापले. ती त्याला कोपराने ढोसणार, तेवढ्यात पलीकडे उभ्या असलेल्या बाईने हात पुढे करून पपाचा हात धरला. त्या लोकांत ती प्रार्थना हात धरून म्हणायची रीत आहे. पपाला ते काय माहीत! त्याचा आवाज मधेच अडखळला. त्याने घाबरून किम्बर्लीकडे बघितलं. तिने मान हलवून 'असू दे' म्हटलं, तेव्हा कुठे तो पुढचं म्हणायला लागला. पण आता एकदम हळू आवाजात. शाळेत पहिल्यांदा मुलींच्या बाकावर बसवलेल्या मुलासारखा लाल झाला होता तो.

मिस्सा संपल्यावर ती बाई थांबली. माझा बाप पण असाच मोठ्याने प्रार्थना म्हणायचा, आमच्या गावच्या भाषेत, असं तिने किम्बर्लीला इंग्रजीत सांगितलं. आणि पपाच्या दंडावर हलकेच थोपटून मैत्रिणींच्या घोळक्यात निघून गेली.

"काय म्हणाली?"

"तुझा आवाज आवडला तिला."

पपाने कोट नीट केला. मग पायऱ्या उतरताना म्हणाला, "ते हात धरल्याचं तुझ्या आईला नको सांगू हां."

धक्क्याकडे जाताना वाटेत पुलाखाली, बँकांच्या बंद दारांसमोर, जिथे सावली मिळेल तिथे त्याच बायका खोक्यांचे पुठ्ठे अंथरून बसल्या होत्या. कुणी पत्ते खेळत होती, कुणी डबा उघडून बसली होती, कुणी एकमेकींच्या केसांना रंग लावत होत्या.

"मोर्चा हाय काय?"

"नाही रे पपा. सुट्टी आहे त्यांची. घरी मालक असतात, मग बसणार कुठे? म्हणून रविवारी सगळ्या इथे."

पपाची चाल मंदावली. डब्यातून भात वाढणाऱ्या एका म्हातारीकडे बघत तो म्हणाला, "तुझी आत्या होती ना, मेरी. ती बहरीनला असंच काम करायची. सुट्टीला कुठे बसत असेल, मी कधी विचारलं नाय तिला."

किम्बर्लीला आत्या आठवत होती ती फक्त चॉकलेटांच्या डब्यावरून.

लामा नावाच्या बेटाला जायची बोट भरलेली होती. त्यांना खिडकीजवळ जागा मिळाली. बोट सुटली आणि काचेच्या उंचच उंच इमारती मागे सरकायला लागल्या, तसा पपा खुलला. ही बोट आपल्या गोराईच्या होडीपेक्षा मोठी आहे, पण हिच्यात बकरी चढवू देत नसणार. पाणी आपल्यापेक्षा निळं आहे, पण वास नाही. वासाशिवाय कसला समुद्र? किम्बर्ली खिडकीबाहेर बघत होती. उतरल्यावर सांगू, असं ती मनात म्हणत होती. उतरल्यावर वाटलं, गावातून बाहेर पडल्यावर सांगू.

बेटावर गाड्या नाहीत. अरुंद गल्ल्या, दुकानांपुढे पाट्यांत ठेवलेली सुकी मासळी, काचेच्या टाक्यांत वळवळणारे जिवंत मासे. पपा प्रत्येक टाकीसमोर उभा राहायचा. "हा बघ खडस! याला हे काय म्हणत असतील गो?" एका दुकानात वाळत टाकलेल्या कोलंबीचा वास आला, तेव्हा तर त्याने डोळेच मिटले. "आपल्या मनोरीच्या बंदरावर गेल्यासारखं वाटलं बघ."

गाव संपल्यावर डोंगराची वाट लागली. वाट म्हणजे नीट सिमेंटची पायवाट. एका बाजूला झाडी, एका बाजूला खाली समुद्र. ऊन कोवळं होतं. लोक आपापले निवांत चालले होते, म्हातारी जोडपी, कुत्री, कडेवर पोरं. पपाने पँटचे पाय दुमडले, टाय काढून खिशात टाकला, पण कोट काही काढला नाही. आणि त्याची टकळी चालू राहिली. हे गवत आपल्या डोंगरीवर येतं तसलं. तो समोरचा दगड आपल्या किनाऱ्यावरच्या दगडासारखा. इथे आपल्यासारखा ताड असता तर काय ताडी मिळाली असती!

किम्बर्ली मनात वाक्यं जुळवत होती. पपा, मला काहीतरी सांगायचंय. नको, असं म्हटलं की तो घाबरेल. पपा, एक चांगली बातमी आहे. पण त्याच्यासाठी ती चांगली होती का? दरवेळी वाक्य जुळत आलं, की पपा मधेच गोराई घेऊन यायचा. शेवटी चढावर एका वळणाला तो म्हणाला, "हे सगळं बघून असं वाटतं, एवढ्या लांब यायची गरजच नव्हती. आपल्याकडे काय कमी हाय?"

आणि किम्बर्लीचा तोल गेला.

"सगळं गोराईसारखं नसतं, पपा! आल्यापासून तेच चाललंय. गोराईच बघायची होती तर आलास कशाला इतक्या लांब?"

बोलून गेली आणि तिलाच ते टोचलं. पपाने खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. त्याने काहीतरी बोलावं, रागवावं तरी, म्हणून ती क्षणभर थांबली. त्याने रुमालाची घडी घातली, तशी ती तडक पुढे चालायला लागली. मागे त्याचे बूट वाजत होते. बराच वेळ वाजत होते.

वर एक छत्रीसारखं छप्पर होतं, बसायला बाकं. तिथे पोचून तिने मागे वळून बघितलं, तर वाट रिकामी.

आधी तिला वाटलं, दमून बसला असेल. ती थांबली. एक जोडपं वर आलं, मग एक धावणारा मुलगा. पपा नाही. ती उलटी उतरायला लागली. "पपा!" तिने हाक मारली. लोक वळून बघायला लागले. त्याच्या फोनमध्ये इथलं सिम नव्हतं. त्याला इथली भाषा येत नव्हती. हॉस्टेलचा पत्ता त्याच्याकडे होता की नाही, तेही तिला आठवेना. रस्त्याच्या कडेला खाली उतार होता आणि उताराखाली खडक. त्या खडकांकडे बघवेना आणि न बघताही राहवेना. चामड्याचे बूट घातलेला साठीचा माणूस, आणि आपण त्याला तसं बोललो. ती जवळजवळ पळत होती.

ज्या वळणावर ती त्याला बोलली होती, त्याच्या बऱ्याच वर डाव्या हाताला एक पाऊलवाट झाडीत शिरत होती. चढताना ती तिच्या लक्षात आली नव्हती. आता तिथून कुणाचं तरी खोकणं ऐकू आलं. ती आत शिरली.

झाडीपलीकडे मोकळी जागा होती, दोन-तीन जुनी घरं, आणि घरांपुढे भाजीचे वाफे. बांबूच्या काठीवर निळा कोट टांगलेला होता. पपा वाफ्यात उकिडवा बसला होता, बाह्या वर, हात मातीने भरलेले, आणि त्याच्यासमोर तस्साच उकिडवा बसलेला एक चिनी म्हातारा. दोघांच्या मध्ये नुकताच उपटलेला एक पांढराशुभ्र मुळा. पपा गोराईच्या मराठीत काहीतरी समजावून सांगत होता. म्हातारा त्याच्या भाषेत तावातावाने उत्तर देत होता. एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता आणि दोघांचंही त्यावाचून काही अडलेलं दिसत नव्हतं.

"पपा!"

"आलीस? ये, ये. बघ याचा मुळा, केवढा हाय! माती भुसभुशीत ठेवतो."

"पपा, मी वेड्यासारखी शोधतेय तुला! इथे कसा आलास?"

"अगो, लघवीला आलो होतो." तो खजील होऊन हसला. "मग हे दिसलं. विचार केला, तू वर थांबशीलच."

किम्बर्ली मटकन तिथल्या एका दगडावर बसली. तिला रडायला येत होतं आणि ओरडावंसंही वाटत होतं. म्हाताऱ्याने तिच्याकडे बघितलं, उठून घरात गेला आणि छोटी संत्री घेऊन आला. एक तिच्या हातात दिलं, एक पपाच्या. मग पपाच्या खांद्यावर थाप मारून फोनची खूण केली. बहुतेक आधी अर्धवट राहिलेला कार्यक्रम पुढे चालू करायचा होता. पपाने हात झटकले आणि गोराईच्या शेताचे फोटो दाखवायला सुरुवात केली. कांद्याचे वाफे. विहीर. वांग्यांची टोपली डोक्यावर घेतलेली ल्युसी. वेनची पोरं. म्हाताऱ्याला मजा यायला लागली. पपा थांबला तरी तो स्वतःच बोटाने फोटो पुढे ढकलायला लागला.

आणि एक फोटो आला. पांढऱ्या कपड्यातला, खांद्यावर पट्ट्या असलेला, दात दाखवून हसणारा एक तरुण.

पपाने झटकन फोन मागे घेतला. पण म्हाताऱ्याने बघितलं होतं. त्याने एकदा फोनकडे बघितलं, एकदा किम्बर्लीकडे, मग दोन्ही हातांची बोटं एकमेकांना टेकवली आणि तोंडभर हसला.

"पपा," किम्बर्ली म्हणाली, "हा कोण?"

"असाच."

"असाच म्हणजे?"

पपा संत्र्याचं साल काढायला लागला. फार काळजीपूर्वक. "एल्रॉय. वाकोल्याचा. बोटीवर इंजिनीअर हाय. तुझ्या आईच्या ओळखीतलं घर. चांगली माणसं हायत."

"म्हणजे तू मला बघायला नाही आलास. स्थळ घेऊन आलास."

"बघायलाच आलो गो! आईने म्हटलं, जातोच हायस तर फोटो दाखव. होकार घेऊनच ये म्हणाली." तो गडबडीने बोलत होता. "रोज ठरवायचो, आज दाखवतो. तू दमून यायचीस क्लासवरून. कसं दाखवू? आज म्हटलं, डोंगरावर तू खुशीत असशील. मग तू भडकलीस."

किम्बर्ली त्याच्याकडे बघत राहिली. तिकडे ट्राम बघत उभा राहणारा, जेवताना फुटकळ गोष्टी सांगत बसणारा पपा तिच्या डोळ्यांसमोर आला. म्हणजे रोज रात्री टेबलाच्या दोन बाजूंना ते दोघं एकाच प्रकारे गप्प बसत होते. आधी तिच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला आणि मग ती हसायलाच लागली. थांबता थांबेना. पपाला कळेना काय झालं. म्हाताऱ्याला वाटलं लग्न ठरलं. त्याने मुळा उचलून तिच्या मांडीवर ठेवला.

"पपा," ती डोळे पुसत म्हणाली, "मला पण सांगायचंय काहीतरी. मी पण रोज ठरवत होते."

आणि तिने सांगितलं. मे महिन्यात येणार नाही. चार वर्षं आणखी. हो म्हणून झालंय.

पपाने हातातली संत्र्याची फोड खाल्ली. बी काढून तळहातावर घेतली. "चार?"

"चार. कदाचित थोडं लवकर."

"हं."

एवढंच. तो उठला, कोट अंगात घातला, म्हाताऱ्याचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. मग मुळा काखोटीला मारला आणि वाटेला लागला. आता किम्बर्ली मागे होती. तो वरच्या छपराशी थांबला नाही, समुद्राकडे बघितलंही नाही. बेटाच्या पलीकडच्या उतारावर एक टपरीवजा दुकान होतं. म्हातारी बाई लाकडी पिंपातून गरम गरम, खरवसासारखं काहीतरी वाट्यांत वाढत होती, वर आल्याचा पाक. तिथे तो टेकला. दोन वाट्या आल्या. किम्बर्लीला चमचा उचलवत नव्हता. पपाने आपली वाटी सावकाश संपवली.

मग म्हणाला, "मेरीने मला व्हिसा पाठवला होता. तुला माहीत हाय?"

"नाही."

"तू झाली नव्हतीस. वेन पण नाय. बहरीनला वर्कशॉपमध्ये काम होतं. माझी आय रडली. म्हणाली, खाडीपलीकडे कामाला जातोस तेवढं बस. मी नाय गेलो." त्याने चमचा वाटीत फिरवला. "बरं केलं की वाईट, ते मला आजपर्यंत नाय कळलं. कधी शेतात उभा असलो की वाटतं, बरं केलं. कधी कारखान्यात साहेब ओरडला की वाटायचं, गेलो असतो तर."

किम्बर्लीने आपली वाटी जवळ ओढली.

"मी तुला परत ये म्हणणार नाय," पपा म्हणाला. "थांब पण म्हणणार नाय. तू माझ्याकडे परवानगी मागू नको गो. मागितलीस तर मला नाय म्हणावं लागेल. बाप हाय ना मी."

"नाही मागत," ती हळूच म्हणाली.

"मग झालं तर. खा. गार होतंय. आल्याचा पाक मस्त हाय."

तिने खाल्लं. ते खरंच मस्त होतं.

परतीची बोट सुटायला अवकाश होता. दोघं धक्क्यावर बसले. पाण्यात तराफे होते, त्यांच्यावर माणसं मासे पाळत होती. पपा त्यांच्याकडे बघत होता, पण गोराईचं नाव त्याने काढलं नाही. शेवटी किम्बर्लीलाच करमेना. "पपा, आपल्या खाडीत असं करता येईल का रे?" तिने विचारलं. पपाने तिच्याकडे तिरक्या नजरेने बघितलं, आणि मग बोट येईपर्यंत ते कसं करता येईल आणि कोण कोण त्यात मोडता घालेल, हे तो तिला नावानिशी सांगत बसला.

मधेच किम्बर्लीचा फोन वाजला. धक्क्याच्या फुकटच्या वायफायवर ल्युसीने त्यांना गाठलं होतं.

"काय गो किम, जेवलीस? पपा कुठाय? फोटो बघितलास?"

किम्बर्लीने पपाकडे बघितलं. पपाने जोरजोरात हात हलवून नाही नाही केलं.

"बघितला, आई. दात चांगले आहेत."

"दात काय बघतेस? बाकीचं सांग! अर्बन, तू काय बोलत का नायस? काय ठरलं?"

पपाने फोन हातात घेतला, तोंडापासून लांब धरला आणि ओरडला, "ल्युसी! आवाज नाय येत! इथे नेटवर्क नाय! बेट हाय हे, बेट!" आणि लाल बटण दाबून फोन किम्बर्लीच्या पर्समध्ये टाकला. वर पर्सची चेनही लावली.

"पपा, कधीतरी सांगावं लागेलच तिला."

"घरी जाऊन सांगतो. मी सांगतो. तू नको मधे पडू."

बोटीत त्याला लगेच झोप लागली. ऊन कलंडलं होतं. पँटच्या गुडघ्यांवर बेटाची माती वाळून चिकटली होती, आणि मांडीवर मुळा. समोरची दोन चिनी पोरं मुळ्याकडे बघून एकमेकांना कोपराने ढोसत होती. दुसऱ्या कुठल्या दिवशी किम्बर्लीला लाज वाटली असती. त्या दिवशी तिने मुळा घसरू नये म्हणून एक हात त्याच्यावर ठेवला आणि पूर्ण प्रवास तशीच बसून राहिली.

पपाने घरी गेल्यावर खरंच सांगितलं. ल्युसीने अबोला धरला, तोही अर्बनशी. जेवायला वाढायची, पण 'जेव' म्हणायची नाही. मग हळूहळू तिने वेनच्या बायकोकडून व्हिडिओ कॉल शिकून घेतला आणि त्यानंतर किम्बर्लीला ती मार्केटातून, भाजीच्या ढिगामागून, वेळीअवेळी दिसायला लागली. एल्रॉयने मरोळची मुलगी केली. ल्युसी त्या लग्नात जेवून आली आणि तिने नवरीच्या नाकाला नावं ठेवली. चार वर्षांची पाच झाली. किम्बर्ली शिकून परत आली, मालाड-गोराईच्या खाडीतली तिवरं सांभाळणाऱ्या एका संस्थेत लागली. फिल्डवर पहाटे निघावं लागतं म्हणून मालाडला भाड्याने फ्लॅट घेतला.

गोराईला ती दर दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी जाते. घर भरलेलं असतं. टीव्ही चालू असतो, वेनची पोरं मस्ती करत असतात, ल्युसी ताटात एकावर एक वाढत असते, शेजारचं कुणीतरी येऊन बसलेलं असतं. पपाही असतो तिथेच, कोपऱ्यातल्या खुर्चीत. काय, बरं चाललंय? हो, बरं. एवढंच बोलणं होतं. जवळ राहायला आल्यापासून दोघांना अख्खा रविवार एकदाही मिळालेला नाही. इतक्या लांब होतो तेव्हा मिळाला, याचं तिला कधी कधी हसू येतं आणि कधी कधी नाही येत.

परवाच्या रविवारी जेवणं झाल्यावर पोरांनी समुद्रावर जायचा हट्ट धरला. किम्बर्ली उठली. पपा म्हणाला, "मी पण येतो."

"तुझे गुडघे?" ल्युसी आतून ओरडली.

"गुडघे पण येतायत."

वाळूत पोरं पुढे पळाली. "आत्या, लवकर ये ना!" पपाची चाल आता फार हळू झाली आहे. ओहोटी होती, पाणी लांब गेलं होतं. किम्बर्लीने चपला हातात घेतल्या.

"यंदा पांढऱ्या कांद्याचं बी चांगलं नाय मिळालं," पपा म्हणाला.

"कुठून आणलंस?"

"वसईहून. वेनला पाठवलं होतं. त्याला काय कळतंय बियाण्यातलं?"

"पुढच्या वेळी आपण दोघं जाऊ."

"जाऊ," पपा म्हणाला. "डबा घेऊन जाऊ. तिकडे जेवायला काय धड मिळत नाय." आणि कुठल्या गावचा कोण माणूस बी चांगलं ठेवतो, ते तो तिला सांगायला लागला.